उभी गाडी

५ जून २०१६, रविवार. उजाडायच्या सुमाराला साताऱ्याकडून मुंबईला निघालेली एक खासगी आरामबस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा घाट उतरून पनवेल तालुक्यात आली होती. रात्रीच्या प्रवासात माणसं धास्तावतात ती घाटाला, आणि तो तर केव्हाच मागे पडला होता. आता सरळ, सपाट, तीन पदरी मोकळा रस्ता आणि थोड्याच अंतरावर कळंबोली. शेडुंगजवळ कडेला दोन मोटारी उभ्या होत्या, त्यातल्या एकीचा टायर पंक्चर झाला होता. बस त्या दोन्ही गाड्यांवर आदळली आणि रस्ता सोडून खाली खड्ड्यात गेली. १७ माणसं गेली. तीसहून अधिक जखमी झाली.

अशा बातमीवर आपल्याकडे एकच प्रश्न पडतो. चालकाला डुलकी लागली होती, की वेग आवरला नाही? पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीची भाषाही ठरलेली असते. हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून अमुक इतक्यांच्या मृत्यूस कारणीभूत. २०२४ पर्यंत कलम ३०४-अ. चालक जिवंत असेल तर अटक. मेला असेल तर गुन्हा त्याच्या नावावर लागतो आणि आरोपी मयत म्हणून कागद मिटतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१६ च्या अहवालात देशातले ८४ टक्के अपघात चालकाच्या चुकीने झाले, असं नोंदलेलं आहे. त्या वर्षी देशभर रस्त्यांवर १,५०,७८५ माणसं मेली, महाराष्ट्रात १२,९३५. आकडा पाहून वाटतं की कारण सापडलं. पण तो आकडा आला कुठून? ठाण्यात भरलेल्या फॉर्मांतून. त्या फॉर्मात ज्याचं नाव लिहिणं सगळ्यांत सोपं, तो चालक. रस्त्याला आधार क्रमांक नसतो, कठड्याला वकील लागत नाही.

शेडुंगच्या अपघातातही चालकाकडे बोट गेलं. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. मात्र त्या वर्षी याच मार्गावर काही माणसं वेगळा प्रश्न घेऊन फिरत होती. बस का धडकली, हा प्रश्न त्यांनाही होताच. त्यापलीकडे ती विचारत होती: धडकली हे खरं, पण माणसं कशाने मेली?

*

हा रस्ता बांधला तेव्हा तो देशातला पहिला सहा पदरी, प्रवेशनियंत्रित, काँक्रीटचा द्रुतगती मार्ग होता. कळंबोलीपासून देहूरोडजवळच्या किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने, म्हणजे एमएसआरडीसीने, तो उभारला आणि २००२ मध्ये तो पूर्ण वापरात आला. त्याआधी जुन्या रस्त्याने पुण्याला जाणं म्हणजे खोपोलीच्या पुढे ट्रकमागे ट्रक आणि त्यांच्यामागे आपण. नवा रस्ता आला आणि दोन तासांत पुणे हे मुंबईकरांना हक्काचं वाटू लागलं. नवी मुंबईला तर त्याने वेसच दिली. कळंबोलीचा पोलाद बाजार, पळस्पे फाट्यावरची जेएनपीटी बंदराच्या कंटेनरांची रांग आणि पुण्याच्या बसची वाट पाहत सर्कलला उभी असलेली माणसं, हे सगळं एका तोंडाशी आलं.

रस्त्याने माणसं गिळायलाही लवकरच, तो पूर्ण होण्याआधीच, सुरुवात केली. १२ फेब्रुवारी २००१ रोजी अभिनेत्री भक्ती बर्वे वाईहून परतताना भाताण बोगद्याजवळ गेल्या. 'ती फुलराणी' पाहिलेल्या पिढीला तो बोगदा ओलांडताना अजून त्यांची आठवण येते. २३ डिसेंबर २०१२ रोजी आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे अभिनेते पुण्याहून मुंबईकडे येत होते. समोरच्या बाजूचा एक टेम्पो दुभाजक ओलांडून थेट त्यांच्या मोटारीवर आला. दोघे गेले, पेंडसे यांचा दोन वर्षांचा मुलगाही गेला.

त्या मोटारीच्या चालकाचं काय चुकलं होतं? काहीच नाही. तो आपल्या बाजूला, आपल्या मार्गिकेत होता. चूक टेम्पोकडून झाली हे खरं, पण चुकलेला टेम्पो आपल्याच बाजूला राहिला असता तर फार तर एका टेम्पोचा अपघात नोंदला गेला असता. मधल्या झाडाझुडपांच्या पट्ट्याने त्याला अडवलं नाही. बातमी मोठ्या नावांची होती, म्हणून लोकांनी दुभाजकाकडे पाहिलं. त्यानंतर मधल्या पट्ट्यात तारदोरांचे कठडे बसवायचं काम हाती घेतलं गेलं.

हे तारदोरांचं तंत्र इथलं नव्हतं. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ठरवलं की रस्त्यावर माणूस मरणं ही परवडणारी किंमत मानायची नाही. क्लेस टिंगवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस चुकणार, हे गृहीत धरून रस्ता बांधा. पुढच्याच वर्षी येव्ले शहराच्या उत्तरेला ई-४ मार्गावर त्यांनी मधोमध पोलादी तारदोर ताणून पाहिले. गाडी आदळली की खांब मोडतात, दोर ताणला जातो आणि गाडीचा वेग त्या ताणात जिरतो. ती पलीकडे जात नाही आणि काँक्रीटवर आपटल्यासारखी आतल्या माणसांना मारतही नाही. अशा रस्त्यांवर मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. तिथल्या चालकांना काही नवं शहाणपण आलं नव्हतं. ते पूर्वीइतकेच चुकत होते.

*

अभ्यंकर-पेंडसे यांचा अपघात झाला त्या सुमाराला या मार्गावर एक छोटं पथक काम करू लागलं होतं. कोइमतूरच्या जेपी रिसर्च इंडिया या संस्थेचे ते अभियंते. महामार्ग पोलिसांना किंवा गस्तीच्या गाडीला अपघाताची खबर लागली की ती यांनाही मिळायची आणि हे निघायचे. यांचं काम जखमींना बाहेर काढण्याचं नव्हतं. ते काम खोपोलीचे स्वयंसेवक आणि मार्गावरचं 'देवदूत' पथक करत असे. गर्दी पांगली, क्रेन आली, पोलिसांचा पंचनामा झाला की यांचं सुरू व्हायचं. टायरच्या घसटीची लांबी मोजायची. गाडी कुठे वळली, कुठे पहिली धडक, कुठे थांबली, हे खडूने आखायचं. चेपलेल्या पत्र्याची खोली इंचाइंचाने घ्यायची, कारण पत्रा किती आत गेला त्यावरून धडकेच्या वेळचा वेग काढता येतो. पट्ट्यावर ताण पडल्याची खूण आहे का, ते पाहायचं. सीटबेल्ट लावलेला असेल तर धडकेच्या वेळी तो इतका ताणला जातो की त्याच्या कडीवर आणि कापडावर ओरखडे उठतात. माणूस खोटं बोलेल, पट्टा खोटं बोलत नाही. शेवटी रुग्णालयातून कोणाला कुठे मार बसला त्याची माहिती यायची आणि ती गाडीतल्या जागेशी जुळवली जायची.

ही पद्धत युरोपात जुनी आहे. जर्मनीत हॅनोवरच्या वैद्यकीय विद्यापीठाने १९७३ पासून डॉक्टर आणि अभियंते एकत्र अपघातस्थळी पाठवायला सुरुवात केली. पोलिसांच्या खबरीवर ते धावत. १९९९ पासून ड्रेस्डेनही त्यात आलं आणि त्यातून देशव्यापी माहितीसाठा उभा राहिला. गाडीचे कोणते भाग मऊ हवेत, कोणते कठीण, हे कारखान्यांना तिथून कळलं. आपल्याकडे हीच गोष्ट नव्हती. कोर्टासाठी पंचनामा होता, विम्यासाठी सर्व्हे होता. पुढचा माणूस वाचावा म्हणून केलेली नोंद कोणाच्याच कपाटात नव्हती.

या नोंदी साचू लागल्या तसं एक वेगळं चित्र दिसू लागलं. अपघाताचं कारण आणि मृत्यूचं कारण, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. डुलकी, अतिवेग, मार्गिका तोडणं ही अपघाताची कारणं, आणि तिथे बहुतेकदा चालकच दिसे. पण मृत्यूच्या रकान्यात उतरल्यावर तिसरंच काही सापडे. मागच्या सीटवर पट्टा नाही. कडेला उघडा काँक्रीटचा कठडा, ज्याचं टोक भाल्यासारखं रस्त्याकडे रोखलेलं. उतार इतका तीव्र की गाडी कडा सोडताच कोलांट्या खाणारच. ट्रकच्या मागे आडवी पट्टी नाही किंवा असून मोडकी, म्हणून मोटार थेट त्याच्या हौद्याखाली. आणि पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी, एक उभी गाडी.

*

उभ्या गाडीचं गणित कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. समोरचं वाहन थांबलेलं आहे हे ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दोन सेकंद धरा. ५५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक गाडी थांबवायला आणखी तितकंच अंतर घेतात. म्हणजे शंभराहून अधिक मीटर अलीकडून ती गाडी उभी आहे हे समजलं पाहिजे. अडचण अशी की रात्री दुरून ते समजतच नाही. दोन लाल दिवे चालत्या ट्रकचे असतात तसेच उभ्याचे. चिखलाने माखलेले असले तर तेही नसतात. प्रवेशनियंत्रित रस्त्यावर डोळ्यांना सवय झालेली असते की पुढचं सगळं आपल्याच दिशेने चाललं आहे. जवळ येण्याचा वेग लक्षात येतो तो अगदी अखेरच्या क्षणी.

आता धडक बघा. पुढचा ट्रक ताशी ६० ने चालला आहे आणि मोटार १०० ने मागून आदळली, तर फरक ४० चा. ट्रक उभा असेल तर फरक पूर्ण १०० चा. धडकेची ऊर्जा फरकाच्या वर्गाने वाढते, म्हणून दुसरी धडक पहिलीच्या सहापटींहून जबर. त्यात ट्रकचा हौदा बसतो मोटारीच्या काचेच्या उंचीवर. बॉनेट, त्यातला चेपायला ठेवलेला भाग, पुढची पट्टी, हे सगळं ट्रकच्या खालून निघून जातं आणि पहिला मार छतावर, म्हणजे डोक्यांवर. मोटार बनवणाऱ्यांनी कितीही पंचतारांकित सुरक्षा दिली तरी ती ज्या उंचीवर आहे, तिथे धडकच होत नाही.

मग ट्रक उभे का राहतात? इथे आपला सगळा रस्ता उलगडतो. घाटातून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पकड सुटते. काही वाहनं आदळतात, उरलेली घाट उतरताच चाकं गार करायला कडेला लागतात. कोणाचा टायर फुटलेला. कोणाला झोप आवरत नाही आणि ट्रक नेऊन उभा करायला जागा नाही. कोणी चहासाठी थांबलेला, कारण कुठल्याशा कुंपणाला भोक पाडून कोणीतरी टपरी टाकली आहे. ट्रकचालकाला झोपेसाठी सुरक्षित जागा देणं हे रस्त्याचं काम आहे की त्याचं त्याने पाहावं, हा वाद मी इथे घालत नाही. इतकंच की जी जागा रस्त्याने दिली नाही, ती त्याने साइडपट्टीवर घेतली.

*

शेडुंगच्या आधी, त्याच वर्षी, जेपीच्या नोंदींतल्या या माहितीला कामाला लावायचं ठरलं होतं. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा अँड महिंद्रा यांच्यासह या मार्गावर 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' हाती घेतला. लक्ष्य होतं २०२० पर्यंत शून्य मृत्यू. संस्थेचे संस्थापक पीयूष तिवारी. २००७ मध्ये दिल्लीत त्यांचा नात्यातला किशोरवयीन भाऊ रस्त्यावर मदतीवाचून गेला, त्यातून २००८ मध्ये ही संस्था उभी राहिली. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा ३० मार्च २०१६ चा निकाल यांच्याच याचिकेवरचा.

पहिली अडचण रस्त्याची नव्हती, हद्दीची होती. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा एकच सलग रस्ता. पण कळंबोलीच्या बाजूला नवी मुंबई पोलीस आयुक्तालय, पुढे रसायनी, खालापूर, खोपोलीला रायगड पोलीस, घाट चढून लोणावळ्याला पुणे ग्रामीण आणि २०१८ नंतर शेवटच्या टप्प्यात पिंपरी-चिंचवड. गुन्हा नोंदवणार स्थानिक ठाणं. वाहतूक सांभाळणार महामार्ग पोलीस, त्यांचीही पळस्पे, बोरघाट, खंडाळा, वडगाव अशी वेगवेगळी केंद्रं. रस्ता एमएसआरडीसीचा, वाहनाची तपासणी परिवहन विभागाची, रुग्णवाहिका आणखी कोणाची. उभा ट्रक हलवायचा तर तो नक्की कोणाचा प्रश्न? प्रत्येकाकडे त्या ट्रकचा एकेक तुकडा होता. शेडुंगच्या मोटारी नवी मुंबईच्या हद्दीत उभ्या होत्या, पण तसाच ट्रक घाटाखाली कुठे उभा राहतो हे खोपोलीकडच्यांना माहीत, आणि तो तापलेल्या ब्रेकचा ट्रक घाटात कसा सोडला गेला हे खंडाळ्याच्या चौकीला.

युरोपने हाच तिढा देशांच्या पातळीवर सोसला आहे. सीमेवरची फाटकं उघडली, ट्रक पोर्तुगालहून निघून जर्मनीला जाऊ लागले, पण पोलिसाची शिट्टी मात्र आपल्या देशाच्या वेशीवर थांबत होती. १९९६ मध्ये पश्चिम युरोपातल्या वाहतूक पोलिसांनी आपसांत 'टिस्पॉल' नावाचं जाळं विणलं. आज त्याचं काम 'रोडपोल' करतं. एकाच आठवड्यात सगळ्या देशांत ट्रक आणि बस तपासायच्या, एकाच आठवड्यात वेग, एकाच आठवड्यात पट्टे. एकीकडे सुटलेला दुसरीकडे सापडावा. रस्त्यावर एकही मृत्यू नको असा दिवस त्यांनी २१ सप्टेंबर २०१६ ला पहिल्यांदा पाळला, शेडुंगनंतर साडेतीन महिन्यांनी. दंडाची गंमत तर आणखी होती. युरोपियन आयोगाच्या आकड्यांप्रमाणे परदेशी गाड्या एकूण वाहतुकीच्या सुमारे ५ टक्के, पण अतिवेगाच्या गुन्ह्यांत त्यांचा वाटा १५ टक्के. कारण उघड होतं: पावती घरी येणार नाही याची खात्री. २०११ मध्ये देशांनी वाहनमालकांची माहिती एकमेकांना द्यावी असा कायदा झाला. ६ मे २०१४ रोजी युरोपच्या न्यायालयाने तो रद्द केला, का, तर तो पोलीस सहकार्याच्या कलमाखाली केला होता आणि रस्तासुरक्षा हा वाहतुकीचा विषय आहे! वर्षभरात तोच मजकूर योग्य कलमाखाली पुन्हा आणावा लागला. कारकुनी कुठल्याही खंडात सारखीच. पण त्या निकालात एक तथ्य होतं. माणसाचा जीव वाचवणं हे पोलिसांचं काम की वाहतूक खात्याचं, हे ठरवायला विद्वानांना तीन वर्षं लागली, आणि खरं उत्तर दोघांचंही होतं.

आपल्याकडे २०१९ मध्ये राज्यभर एकच ई-चलान पद्धत आली, त्यामागेही हाच धडा होता. त्याआधी नवी मुंबईत लागलेला दंड पुण्याच्या पोलिसाला त्याच्या यंत्रावर दिसेलच असं नव्हतं. मुंबई ते पुणे दोन तासांत जाणाऱ्या माणसाचं पोलिसी जग मात्र तुकड्यांचं होतं.

*

द्रुतगती मार्गावर काम सुरू झालं ते अगदी रुक्ष होतं. त्यात नाट्य शोधू नये. मार्गाचा मीटरमीटर चालून धोक्यांची यादी केली गेली. कुठल्या पुलाचा काँक्रीटचा खांब उघडा आहे, कुठे कठडा मधेच संपतो, कुठे बाहेर पडणारा फाटा आणि मुख्य रस्ता यांच्यामधल्या त्रिकोणात काहीच खुणा नाहीत. ती यादी एमएसआरडीसीच्या अभियंत्यांपुढे ठेवली गेली आणि एकेक गोष्ट दुरुस्त होत गेली: कठड्यांची टोकं झाकली, खांबांसमोर धक्का शोषणारे कठडे आले, त्रिकोणांत चमकते दिशादर्शक लागले. महामार्ग पोलिसांच्या गस्तीचं वेळापत्रक मृत्यूंच्या तासांशी जुळवलं गेलं. पूर्वी पोलीस उभे राहत ते त्यांच्या सोयीच्या ठिकाणी, सावलीत, टोलजवळ. आता विचारलं जाऊ लागलं की मागच्या दोन वर्षांत माणसं कुठल्या किलोमीटरला, किती वाजता मेली? मार्गिका तोडणारे ट्रक पकडायला ड्रोन उडाले. वरून टिपलं जायचं आणि चलान पुढच्या टोलवर हातात पडायचं. ट्रकवाले चिडले, पण डावीकडची मार्गिका पाळू लागले. निदान ड्रोन दिसत असेपर्यंत. रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं गेलं, कारण मान मोडलेल्या माणसाला कसं उचलावं हे माहीत नसलेला हात मदत करतानाच मारू शकतो.

आणि उभी गाडी. ती दिसली की तिच्यामागे शंकू लावणं, क्रेनला लगेच बोलावणं, गस्तीने थांबून विचारपूस करणं हे नेमाचं झालं. पूर्वी तिला कोणी विचारत नसे, कारण ती काहीच करत नव्हती. ती चालत नव्हती, कोणाला धडकत नव्हती, कुठलाही नियम घाईने मोडत नव्हती. पोलिसाच्या नजरेला सवय असते धावणाऱ्या गुन्हेगाराची. शेडुंगला सतरा माणसं मारण्यात वाटा असलेली गोष्ट तिथे शांत उभी होती, हे आधी कोणालाच दिसलं नव्हतं.

२०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसं मेली होती. २०१७ मध्ये १०५. पहिल्याच वर्षी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची घट, सगळ्यांना हायसं वाटलं. २०१८ मध्ये आकडा ११० वर गेला. इथे मला या कामाविषयी खरा आदर वाटतो, कारण वाढलेला आकडाही मोजला गेला, सांगितला गेला. २०१९ मध्ये ९२ आणि २०२० मध्ये ६६. शेवटच्या आकड्यावर फार फुगायचं कारण नाही. त्या वर्षी कित्येक महिने रस्ताच रिकामा होता. शून्य काही झालं नाही. पण पूर्वी वर्षाला जितकी माणसं मरत होती त्यांच्या निम्मी राहिली तरी, ती वाचलेली माणसं कोण हे कधीच कळत नाही. या शोधाचं हेच वैशिष्ट्य आहे. ज्यांना तो लागू पडला ते घरी पोहोचून जेवले आणि झोपले.

त्याच रिकाम्या दिवसांत, ५ एप्रिल २०२० रोजी, बोरघाटातला अमृतांजन पूल स्फोटाने पाडला. १८३० चा इंग्रजी आमदानीतला पूल, वरच्या जाहिरातीमुळे नाव पडलेलं. त्याखालून द्रुतगती मार्ग जात होता आणि त्याचे दगडी खांब नेमके वाहतुकीच्या मधे. वर्षानुवर्षं सगळ्यांना तो नको होता, पण रस्ता बंद कोणी करायचा? टाळेबंदीने तो प्रश्न सोडवला. वारशाची हळहळ वाटणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मात्र घाटात भरधाव उतरणाऱ्या ट्रकला खांबाची शतकं मोजायला वेळ नसतो.

*

१४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे माजी आमदार विनायक मेटे बीडहून मुंबईला निघाले होते. माडप बोगद्याजवळ त्यांची मोटार पुढच्या ट्रकवर मागून आदळली. त्यांना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात आणलं, तोवर ते गेले होते. वाद पेटला तो मदतीवरून. फोन कोणाला लागला, कोण किती वेळात आलं, घटनास्थळ नेमकं कोणाच्या हद्दीत? सहा वर्षं शिकवलेला धडा त्या पहाटे पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला जात होता. सरकारने चौकशी लावली आणि पुढे गुन्हा दाखल झाला तो मोटारीच्या चालकावर. तीन आठवड्यांनी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले, मागच्या सीटवर, पट्टा न लावता, आणि देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. जेपीच्या अभियंत्यांनी ती गोष्ट दशकभर आधी याच राज्यातल्या पट्ट्यांवर वाचली होती.

जुलै २०२४ पासून द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची एकात्मिक यंत्रणा सुरू झाली. दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं यावरून ती सरासरी वेग काढते. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे सुसाट सुटण्याची युक्ती तिच्यापुढे चालत नाही. इटलीच्या महामार्ग पोलिसांनी 'टुटोर' नावाने हेच २००५ पासून केलं. इथली पावती थेट मोबाइलवर येते. पहिल्या महिन्यांत कळंबोलीच्या चहाच्या गाड्यावर निवडणुकीइतक्याच आवेशाने तिची चर्चा चालायची.

जे द्रुतगती मार्गावर सापडलं ते राज्यभर आपोआप पोहोचलं, असं मात्र झालं नाही. २०१८ पासून जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर तीच पद्धत नेली गेली. पण ११ डिसेंबर २०२२ रोजी एमएसआरडीसीचाच समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला, तेव्हा तो लांब, सरळ आणि थांबायला जागा नसलेला रस्ता होता. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे, मध्यरात्र उलटल्यावर, सैलानीबाबाचं दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर वैजापूरजवळ, जांबरगावच्या टोलपाशी, एका उभ्या कंटेनरवर मागून आदळला. १२ माणसं गेली. कंटेनर पंक्चर झाला नव्हता, त्याचे ब्रेकही तापले नव्हते. परिवहन विभागाच्या पथकाने तपासणीसाठी तो महामार्गावरच थांबवला होता, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. या वेळी कंटेनरच्या चालकाबरोबर त्या विभागाच्या दोन अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला आणि त्यांना अटक झाली.